बिगरीच्या पोरांची रोवळी

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शिंपल्या धुण्याचं. फाल्गुन होता, शिमगा चार दिवसांवर आलेला. शुक्रवारची दुपार. सकाळीच मी भाट्याच्या पुळणीवरून फडकंभर शिंपल्या वेचून आणल्या होत्या. पडवीत घमेलं घेऊन ही शिंपल्या धूत होती, आणि मी त्या पुसून लहान, मधल्या, मोठ्या अशा तीन ढिगांत टाकत होतो. माझं दोनदा चुकलं.

"अवो, ही काय मधली? डोळे हायत की बटणं?"

"सगळ्या सारख्याच दिसतात गो."

"म्हणून तर पोरांकडं पाठवायच्या. तुमच्याजवळ ठेवून काय उपेग?"

वरच्या आळीतल्या सुलूची रोवळी भरायची राहिली होती. तांदूळ धुवायची असते तीच रोवळी, बांबूची. हिनं तिच्यात शिंपल्या भरल्या. मग उठली, घरापुढच्या खळ्याच्या कडेचा जांभ्या दगडाचा सुपारीएवढा खडा उचललान, तोही घमेल्यात धुतलान आणि शिंपल्यांच्या तळाशी ठेवलान.

"हा कशाला?" मी विचारलं.

"असूदे."

"शिंपल्यांत दगड?"

"असूदे म्हणते ना. तुमी कावड उचला. आज तुमीच जा. माझ्या पाठीत धरलंय जरा."

मी कावड उचलली. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना दुसऱ्या वळणावर टेकलो, सुलूच्या रोवळीची गाठ सोडली, तो खडा काढून भिरकावला आणि पुढं गेलो. म्हातारीचं चित्त ठिकाणावर नाही, मागाहून शाळेच्या बाई मला बोलतील, असं मनात होतं. आठही घरी रोवळ्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दारापाशी, ठेवल्या. हाकही धड मारली नाही. दिवेलागणीला परत आलो तेव्हा खळ्यात शेजारच्या बाया वाट सोडून उभ्या होत्या. घमेलं पडवीत तसंच होतं. त्यातलं पाणीसुद्धा फेकलेलं नव्हतं.

आता ही रोवळीची काय भानगड ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा बरळतोय. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. आधी बंदरावर आगबोटीचा माल उतरवायचो, कमरेनं दगा दिल्यावर शाळेत शिपाई म्हणून लागलो. सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. शाळेत पहिलीच्या आधीचा एक वर्ग असतो, आम्ही त्याला बिगरी म्हणतो. पाच-सहा वर्षांची पोरं. पूर्वी त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवायचे. रडलं तर दटावायचे, निजलं तर बरं म्हणायचे. मग पुण्याहून शिकून एक बाई आल्या. वयानं माझ्या मुलीसारख्या, पण बोलणं कलेक्टरासारखं. त्यांनी बिगरीला शिशुवर्ग असं नाव दिलं आणि मला सांगितलं, "धोंडूमामा, मूल शाळेत तीन तास असतं. बाकीचा दिवस घरी. शिक्षण घरी गेलं पाहिजे."

मी म्हटलं, "बरं." मला वाटलं शाळेला सुट्टी देतायत.

बाईंचा बेत असा. आठवड्याला आठ घरी एकेक टोपली जायची. तिच्यात शेंगा, चिंचोके, करवंटीचे तुकडे, काहीबाही. सोबत चिठ्ठी, लहान-मोठं वेगळं करा, पाच पाच मोजा, खरखरीत-गुळगुळीत ओळखा. मुलानं आणि घरच्यांनी ते मिळून करायचं. शुक्रवारी टोपली द्यायची, सोमवारी परत आणायची. टोपल्या नव्हत्या म्हणून बाईंनी हिच्याकडून आठ रोवळ्या मागून घेतल्या. तिथंच पहिला घोटाळा झाला.

पहिली रोवळी गेली बयोआजीकडं. ही वरच्या आळीतली म्हातारी, आताच्या सुलूची आजी. तेव्हा तिचा थोरला नातू बिगरीत होता. रोवळीत वीस शेंगा आणि वीस चिंचोके. सोमवारी मी गेलो तर रोवळीत एक सोललेला नारळ आणि कोकमाची चार सोलं.

"शेंगा गोड होत्या हो," बयोआजी म्हणाली. "भाजून खाल्लाव आम्ही दोघांनी. चिंचोकेसुद्धा भाजलाव. बाईंना सांगा, शेंगा पुरे, आता गूळ पाठवलात तर बरं."

मी नारळ नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलून फिरवून बघितला.

"धोंडूमामा, मुलानं काय केलं?"

"खाल्लान, बाई."

"आणि हा नारळ?"

"रोवळी रिकामी कशी पाठवणार?"

बाई पुण्याच्या असल्या तरी मराठीच, त्यांना हे ठाऊक असायला हवं होतं. शेजारच्या घरून भांडं आलं तर ते रिकामं परत जात नाही. चार मिरच्या घाला, मूठभर पोहे घाला, पण घाला. बाईंचा टिनाचा डबा असता तर लोकांनी तो सरकारी समजून तसाच परत दिला असता. रोवळी म्हणजे घरातलं भांडं. त्या सोमवारी आठ घरांतून तीन नारळ, सोलं, एक फणसपोळी, सुकट आणि एक पपई आली. सुकटीच्या वासानं बाईंना दिवसभर पोरांपुढं पदर नाकाला लावून बसावं लागलं.

दुसऱ्या आठवड्याला बाईंनी चिठ्ठीत लिहिलं, की कृपया काही घालू नये. ती चिठ्ठी वाचणार कोण? मी एका दारात वाचून दाखवली, तर तिथली सून म्हणाली, "आमच्या घरात काय दुष्काळ पडलाय?" आणि मुद्दाम दोन नारळ घातलेन.

तेव्हा ही मध्ये पडली. तोवर ती रोवळ्यांची मालकीण एवढीच होती. शाळेच्या पायरीवर उभी राहून बाईंना म्हणाली, "बाई, घालू दे त्यांना. पण पोरानं निवडलेलं घालू दे. आणि ते का घातलंन ते सोमवारी पोरानं सांगायचं."

बाईंना ते पटलं. मग वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरं नाही वाटलं. मी शिपाई, आणि वहीत ही.

तेव्हापासून आम्ही दोघं जायला लागलो. मी कावडीला चार-चार रोवळ्या लावून चालायचो, ही पुढं. माझी हद्द बेड्यापर्यंत. ही थेट चुलीपाशी. दुपारी घरात बाया आणि पोरंच, पुरुष बरेचसे मुंबईला. तिथं परक्या बाप्याला काय काम? ही बेड्यातूनच ओरडायची, "रोवळी आली गो बायांनो!" आणि आत जायची. मी दगडी गडग्यावर बसून विडी ओढायचो. आत काय बोलायची, काय दाखवायची, मी कधी ऐकलं नाही. चिठ्ठी मात्र मी तिला आदल्या दिवशी वाचून दाखवायचो. ती "हं" म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. मला वाटायचं मी वाचतो तेच ती आत जाऊन सांगते.

दोन-तीन गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत झाल्या, त्या सांगतो.

बंदराकडं एका खारव्याच्या घरी चिठ्ठी होती, पाचापर्यंत मोजा. पोरीची आई मासे विकून नुकती आलेली. ती अंगणात उभी राहून हिला म्हणाली, "पाचापरेंत? बाईला सांग, सकाळी वाटे कुणी लावलेन ते येऊन बघ." आम्ही बघितलं. पोर पाच वर्षांची, नाक गळतंय. पुढ्यात बांगड्यांची रास. ती मोजत नव्हती. प्रत्येक वाट्यात एक मोठा, दोन मधले, एक बारका, असं भराभर टाकत होती. मोठा संपला तर दोन मधले जास्त. वाटे असे सारखे की उचलणाराला कुठलाही उचलावा. मी बाईंना सांगितलं. बाई स्वतः आल्या, वाळूत बसल्या, लुगड्याचा काठ भिजला तरी उठल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "हिला मी काय शिकवू?" पोरीच्या आईला वाटलं बाई रागावल्या. तिनं दोन बांगडे पानात बांधून दिलेन. बाई मासे खात नाहीत. ते आमच्याकडं आले.

एका घरी बाप मुंबईहून गणपतीला आला होता. मिलमध्ये कामाला. पडवीत पोरगा चिंचोके आणि सागरगोटे वेगळे करत होता ते बघून त्याचं डोकं फिरलं.

"दोन दिवस बोटीत ओकाऱ्या काढत आलो मी," तो ओरडला, "आणि पोरगा शाळेत जाऊन बिया निवडायला शिकला? हे माझी आय फुकटात शिकवीत होती!"

ही आतून आली. पदर खोचलेला. "मग तुमी दावा करून. डोळे बांधते."

"बांध."

फडक्यानं बापाचे डोळे बांधलेन, पोराचेही. पुढ्यात सगळं एकत्र केलंन, वर काजूच्या बियासुद्धा टाकलीन. पोरगा बोटं फिरवून टाकत गेला, तीन ढीग. बापानं चिंचोक्यांत चार काजू टाकले. सगळी आळी गोळा झाली. बाप म्हणाला, "परत." असं संध्याकाळपर्यंत चाललं. पुढं तो जाईपर्यंत रोज बापलेक तेच खेळत बसायचे, असं त्याच्या बायकोनं सांगितलंन. दिवाळीला त्यानं मुंबईहून पिशवीभर रिकामी रिळं आणलीन, "बाईंच्या रोवळीला" म्हणून.

असं नऊ वर्षं चाललं. माझं काम काय, तर सामान नीट पोचवणं. त्यात मी कधी कसूर केली नाही, असं मी मानत होतो. कावड टेकली की एकेका रोवळीची गाठ सोडून मी बघायचो. कधी शेंगांत एखादा खिळा सापडायचा, कधी करवंटीच्या तुकड्यांत लाल गुंज, कधी कवड्यांत फणीचा दात. मला वाटायचं हिच्या हातून पडलं. मी ते काढून फेकायचो. तिला सांगायचो नाही. उगाच कशाला बायकोला लाजवा? मी समजूतदार नवरा, असं मला वाटायचं. हे लिहिताना कान तापतायत.

असो. ती गेली. सुतकात शेजारपाजारचे जेवण आणून द्यायचे, आणि आमच्या घरून भांडी रिकामीच परत जायची, रीतच तशी. तिला ते खपलं नसतं. शिमगा झाला. पालखी आमच्या दारावरून न थांबता पुढं गेली. मी पडवीत बसून होतो. घमेल्यातलं पाणी कुणीतरी ओतलं होतं, तेवढंच कळलं.

चौदाव्या दिवशी सकाळी बाई आल्या. उभ्याच राहिल्या.

"धोंडूमामा, रोवळी बंद करावी म्हणते. आत जाणारं बाईमाणूस नाही. शाळेनं नवीन माणूस देणं कठीण आहे. तुम्ही काय म्हणता?"

"करा बंद," मी म्हटलं.

"त्या कुठल्या घरी काय सांगत असत, ते तुम्हाला ठाऊक असेल ना? निदान मी लिहून ठेवते."

"चिठ्ठीत होतं ते सांगायची."

बाई म्हणाल्या, "नाही हो. मुलं सोमवारी येऊन जे सांगत, ते माझ्या चिठ्ठीतलं नसायचं. मी मुद्दाम विचारलं नाही. चाललं होतं ना चांगलं."

म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि मला तर नव्हतंच. बाई गेल्यावर मी डोकं धरून बसलो. नऊ वर्षं कावड माझ्या खांद्यावर, आणि आत काय चाललंय ते मलाच माहीत नाही?

दुपारी बयोआजी आली, सुलूला घेऊन. सुलूच्या हातात ती शेवटची रोवळी. तिच्यात शिंपल्याच होत्या, दुसरं काही नाही.

"राहिली हो आमच्याकडं," आजी म्हणाली. "सुतकात आणायची कशी? आणि ही पोर रिकामी देऊ देईना, भरूही देईना. रोज शिंपल्या ओतते आणि रोज रडते. विचारा तिलाच."

सुलू आजीच्या लुगड्यामागून बोलली. "चुकार नव्हता."

"काय नव्हतं?"

"चुकार." चुकार म्हणजे दुसऱ्याच्या कळपात शिरलेलं जनावर, एवढं मला कळत होतं. "काकी प्रत्येक रोवळीत एक चुकार घालते. तो आपण शोधायचा. शिंपल्यांत जो शिंपली नाही तो. शोधला की काढायचा, आणि त्याच्या जागी आपलं घालायचं. मग रोवळी परत. या वेळी मी सगळं शोधलं. चुकारच नाही. मग मी कुठल्या जागी घालू?"

मी आजीकडं बघितलं. आजी म्हणाली, "तुम्हाला नाही ठाऊक? सगळ्या घरांत ठाऊक आहे. तुमची मंडळी पोरांना सांगायची, मामांना बोलायचं नाय, ते शाळेचे माणूस."

सुलूनं परकराच्या ओच्यातून एक पुरचुंडी काढली आणि पडवीत ओतली. वर्षभराचे चुकार. एक काजूची बी, एक गंजका खिळा, करवंटीचा झिजलेला तुकडा, रिळाचं लाकूड, एक वाळकी मिरची. यातल्यासारखंच मी किती काढून फेकलंय, ते मला मोजता येईना. आठ घरं, नऊ वर्षं. कितीतरी पोरं रात्रंदिवस नसलेली वस्तू शोधत बसली असतील.

लपवून काय उपयोग? सांगून टाकलं. "सुलू, तो खडा होता. जांभ्याचा. मी काढून टाकला पाखाडीवर. मला वाटलं चुकून पडलाय."

पोर रागावेल वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे या वेळीपण?"

"या वेळीपण म्हणजे?"

"माघात पण नव्हता. आणि दिवाळीच्या आधी. तेव्हा काकी म्हणाली, वाटेत मामांनी गिळला असेल. त्यांना चुकार दिसला की राहावत नाय."

आजी तोंडाला पदर लावून हसली. मग तिच्या लक्षात आलं आपण कुठल्या घरात हसतोय, आणि तिनं पदर सारखा केलान.

म्हणजे हिला ठाऊक होतं. मी काढतो हे हिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मला एका शब्दानं बोलली नाही. का नाही सांगितलंन? मी ओरडलो असतो म्हणून? मी शाळेचा माणूस म्हणून? की मी चोरून काढतो आणि मला वाटतं तिला कळत नाही, ही तिची मजा होती? त्या शुक्रवारी तर माझ्या डोळ्यांसमोर खडा ठेवलान. "असूदे" म्हणालीन. मला सांगायला बघत होती की काय? मी महिनेमहिने विचार केलाय. काही उलगडत नाही. कधी वाटतं ती माझ्यावर हसली, कधी वाटतं तिनं मला सांभाळून घेतलंन. दोन्ही खरं असेल. मला माहीत नाही.

सुलूनं जाताना विचारलं, "मग आता खडा आणाल?"

त्या संध्याकाळी मी पाखाडीच्या दुसऱ्या वळणावर गेलो. सगळी पाखाडीच जांभ्याची. पायरी जांभ्याची, गडगा जांभ्याचा, खाली ढिगानं सुपारीएवढे खडे. मी ओणवा होऊन एकेक उचलून बघितला. तिनं धुतलेला खडा आता दोन आठवड्यांच्या धुळीत सगळ्यांसारखाच झालेला. कुठला म्हणून उचलणार? वरून कुणी विचारलं, "धोंडूमामा, काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी उठलो, खुंटीवरचा शाळेचा कोट काढला. चौदा दिवस हात लावला नव्हता. पुढचं पितळी बटण हिच्या विळीवर धरून कापलं. सुलूच्या रोवळीत आधी ते ठेवलं, वर शिंपल्या, लहान, मधल्या, मोठ्या, सगळ्या मिसळून. फडकं बांधलं. कावड घेतली नाही, एकच रोवळी हातात घेतली. पाखाडीच्या दुसऱ्या वळणावर आपोआप टेकलो. हात दोनदा गाठीकडं गेला. दोन्हीदा मागं घेतला.

बयोआजीच्या बेड्यापाशी पोचलो. तिथंच थांबायची सवय. मी आत गेलो. खळं ओलांडलं, पडवीत चढलो, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. आणि ओरडलो, "रोवळी आली गो बायांनो!"

आवाज असा फाटला की कोंबडी पाट्यावरून उडाली. आतून सुलू धावत आली, रोवळी माझ्या हातातून घेतलीन, तिथंच फतकल मारून गाठ सोडायला लागली. मी उंबऱ्याबाहेर बसलो. बयोआजी चुलीपासून उठून आली, माझ्याकडं बघितलंन, मग कोटाकडं.

"धोंडूमामा, तुमच्या कोटाचं बटण—"

"बोलू नका," मी म्हटलं. "शोधू दे तिला."